पगारसाहेबांचा गुलाल

पगारसाहेबांकडे एक वही होती. तीत कोणाची आजी कितव्यांदा वारली, ते लिहिलेलं असे. आडनाव पगार, पण काम सुट्ट्यांचं. दोह्यात वर्ल्डकपसाठी आमची कंपनी स्टेडियम बांधत होती आणि सुट्टीचा प्रत्येक अर्ज निफाडकडच्या या गृहस्थांच्या टेबलावरून जायचा. जायचा म्हणजे परत यायचा. मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकायचो. "लग्न? मागच्या मार्चमध्ये झालं की तुझं! खलास. पुढचा."

एकदा मार्को नावाचा इंजिनिअर अर्ज घेऊन आला. देश सान मारिनो. कारण : मतदान.

"हा देश आहे की कॉलनी?" नकाशा मोठा करत करत पगारसाहेबांनी विचारलं.

"देशच आहे. संसदेची निवडणूक आहे, माझी बहीण उभी आहे," मार्को म्हणाला. "बाहेर राहणाऱ्यांनाही मत आहे, पण ते द्यायला घरी जावं लागतं."

पगारसाहेबांनी अर्ज परत न करता ठेवून घेतला. आमच्या ऑफिसात हे नवीनच होतं.

प्रोजेक्ट मॅनेजरने साफ नकार दिला. त्याच आठवड्यात स्लॅब होता. तर पगारसाहेब स्वतः भांडायला गेले! "सर, इथे हजारो माणसं आहेत. तिथे मोजकीच. एकाने फरक पडतो." दोन दिवस खपून त्यांनी तिघांच्या पाळ्या फिरवल्या, मार्कोच्या जागी माणूस उभा केला आणि त्याला विमानतळावर नेऊन सोडलं. "यल्ला, पळ!"

सोमवारी मार्कोचा फोन आला. बहीण निवडून आली होती, तीही जेमतेम.

"आमची बाई आली!" पगारसाहेब खुर्चीवर चढले. अल मन्सूरा भागातल्या देशी दुकानातून जिलबी आली. गुलाल मिळेना, म्हणून सूक वाकिफच्या बाजारातून सुमाक आणला. अरब लोक सॅलडवर भुरभुरतात ती लाल, आंबट पूड. ती त्यांनी मॅनेजरच्या टकलावरसुद्धा उधळली. दिवसभर आम्ही ओठ चाटत काम केलं.

संध्याकाळी मी विचारलं, "साहेब, एवढं काय हो त्या मार्कोचं?"

"आमची मंडळी ग्रामपंचायतीला उभी होती," हात पुसत ते म्हणाले. "मला सुट्टी मिळाली नाही. एका मताने पडली. मी असतो तर समसमान झालं असतं, चिठ्ठी टाकावी लागली असती. चिठ्ठीत तीच जिंकली असती. नशीब चांगलं आहे तिचं, नवरा सोडला तर."

मग त्यांनी गावी फोन लावला.

"अगं, ऐक," ते म्हणाले, "आपण निवडून आलो."