पंजाबराव धोमण्यांची वार्षिक सुटी

पंजाबराव धोमणे वारले त्याला सहा वर्षं झाली, आणि मयतांना वर्षातून जी एक दिवसाची सुटी मिळते, ती ते दर खेपेला आर्वीच्या बसस्टँडवर आपले लेखक दोस्त विश्वनाथ उमाटे यांची पुस्तकं खपवण्यात घालवतात. सूर्योदयाला येतात, सूर्यास्ताला जातात. मधल्या वेळात चहासुद्धा घेत नाहीत.

हयातीत ते याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कविता फार चांगल्या लिहायचे, पण माइकवरून स्वतःच्या संग्रहाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. उमाट्यांचं पुस्तक आलं की मात्र घोषणा व्हायची, "पुलगाव गाडी फलाट दोनवर लागलेली आहे. प्रवाशांनी विश्वनाथ उमाटे यांचा नवा कथासंग्रह घेतल्याशिवाय गाडीत बसू नये." लोकांना तो नियमच वाटायचा. एकदा तळेगावची अर्धी गाडी पुस्तक घ्यायला खाली उतरली आणि अठरा मिनिटं उशिरा सुटली. वरिष्ठांनी खुलासा मागवला. पंजाबरावांनी तीन पानी खुलासा दिला. त्यातली अडीच पानं कथासंग्रहाचं परीक्षण होतं. असा दोस्त मिळायला पुण्याई लागते, आणि आपली तेवढी होती का, याची उमाट्यांना कायम शंका आहे.

तर यंदा दिवाळी झाल्यावर पंजाबरावांच्या पत्नी सिंधूवहिनी उमाट्यांकडे आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"भाऊजी, मी भांडायला नाही आली," त्या म्हणाल्या. "पण सहा सुट्या झाल्या. हे येतात, दिवसभर स्टँडवर उभे राहतात आणि तिथूनच परत जातात. घर दोन गल्ल्यांवर आहे, पण सुटीच्या अर्जात कारण 'प्रचार' लिहिलं, म्हणून घरी येता येत नाही."

"तुम्ही तिकडे जायचं होतं, वहिनी."

"गेली होती नं. मागच्या वर्षी तिकीट काढून गेली, प्रवासी म्हणून. मला तुमचं पुस्तक दिलं, पुलगावची गाडी दाखवली आणि पुढच्या माणसाकडे वळले. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. मी पुलगावला जाऊन परत आली."

उमाटे ओशाळले. सहा वर्षांत हा विचार एकदाही त्यांच्या मनाला शिवला नव्हता. फुकटचं मिळत राहिलं की ते कुणाच्या ताटातलं आहे, हे माणूस पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी ते तहसील कचेरीत मयत-रजेच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. तिथल्या ढोक मॅडमनी फाईल काढली.

"मयतानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं कारण जिवंत माणसाला खोडता येत नाही, काका," त्या म्हणाल्या. "पण प्रचार करायला लेखकच उरला नाही, तर कारण आपोआप रद्द होते. मग त्या जागी 'घर' धरतात."

"लेखक उरला नाही म्हणजे?"

"लिहिणं बंद केल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शिल्लक प्रती वाचनालयात जमा करायच्या. यापुढे पुस्तक छापायचं नाही. कायमचं."

घरी टेबलावर उमाट्यांची नवी कादंबरी लिहून तयार होती. चार वर्षांचं काम, तीनशे पानं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी आणखी एक लिहून होईल, या भ्रमात ते नव्हते. त्यांनी कचेरीबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. मग आणखी एक घेतला. मग आत जाऊन सही केली. परतताना वाटेत सिंधूवहिनींना सगळं सांगितलं, कादंबरीचंसुद्धा.

सुटीचा दिवस सतरा जानेवारी. सवयीनं उमाटे स्टँडवर गेलेच. माइकवरून वर्धा, पुलगाव, तळेगाव अशा नुसत्या गाड्या लागत होत्या आणि सगळ्या वेळेवर सुटत होत्या. कुणाचं काही अडलं नाही. ते पाहवेना, म्हणून उमाटे घरी आले, कादंबरी कापडात बांधली आणि माळ्यावर टाकून दिली.

पाचच्या सुमारास सिंधूवहिनी लगबगीनं आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं.

"हे आले. जेवले. वांग्याची भाजी दोनदा घेतली," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "मग विचारलं, विश्वनाथनं खरंच लिहिणं सोडलं का? मी म्हटलं, माझ्यासाठी सोडलं. तर डोळे पुसत राहिले."

"नाराज झाला का?"

"ते झालेच. पण म्हणाले, प्रतिज्ञापत्र यापुढच्या लिहिण्याचं अन् छापण्याचं आहे. आधीच लिहिलेलं घरात बायकोला वाचून दाखवायला कोणाची मनाई नाही." त्यांनी हात पुढे केला. "द्या."

"तीनशे पानं आहेत, वहिनी. सूर्य बुडायला पाऊण तास राहिला."

"होतील तितकी होतील. बाकीची पुढच्या वर्षी, असंच जेवणं-बोलणं झाल्यावर."

"अशानं दहा वर्षं लागतील."

"लागू द्या. मला कोणती घाई आहे?"

उमाट्यांनी स्टूल लावून बाड खाली काढलं. वहिनींनी ते पदराखाली घेतलं आणि मागे न बघता निघाल्या. धोमण्यांचं घर मागच्याच गल्लीत. थोड्या वेळानं तिकडून पंजाबरावांचा आवाज ऐकू आला, पहिलं पान, पहिली ओळ. ते दारं-खिडक्या उघड्या ठेवून वाचत होते, आणि एका बायकोला ऐकू जायला लागतं त्याहून बरंच मोठ्यानं. गल्लीतली माणसं एकेक करून दारात येऊन उभी राहू लागली.