नानांचे एमएम

आमचे नाना जेवायला बसले की पहिल्या घासाआधी पोळीची जाडी मोजतात. दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे निर्यातीच्या द्राक्षाचा मणी मोजायचा कॅलिपर शर्टाच्या खिशात कायम. "मोजल्याबिगर बोलायचं नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या नवऱ्याचे हे सख्खे काका. लग्नाआधी सोनाराकडे त्यांनी माझ्या मंगळसूत्राचे मणी मोजले आणि "साईज एकसारखी नाय" म्हणून भांडण काढलं! काकी नुसत्या हसत होत्या.

अशा माणसाला माझ्या गर्भाशयाच्या अस्तराचा आकडा कळू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पण गेल्या महिन्यात ते अस्तर सहा एमएमवरच अडलं, डॉक्टरबाईंनी गर्भ आत सोडायची ट्रान्सफर रद्द केली, आणि मी आठवडाभर रडत होते. आमचे दोनच गर्भ गोठवून ठेवलेले. लपणार किती?

झालं! नाना पेटलेच. रोज सकाळी फोन. "गोळी घेतली का? मणी फुगवणीच्या टायमाला एक दिवस चुकला की बाग गेली!" मी म्हटलं, "नाना, मी बाग नाही हो." तर म्हणे, "हार्मोन ते हार्मोन. आमी घडाला देतो, तुला देतात."

या महिन्यात सोनोग्राफीच्या दिवशी नवरा गावाला, म्हणून नाना मला नाशकातल्या दवाखान्यात घेऊन आले. आल्या आल्या डॉक्टरबाईंना म्हणाले, "मॅडम, डोस वाढवा की. आमी मण्याला दोनदा देतो." मला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "नाना, अस्तर तयार व्हायच्या आधीच दुसरं हार्मोन वाढलं, तर गर्भाची आणि अस्तराची वेळ जुळत नाही. घाई नको."

"हे बरोबर हाय," नाना म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

तपासणी झाली. आठ पॉइंट चार एमएम! अस्तराचे तिन्ही थर स्वच्छ, रक्ताचा रिपोर्टही हवा तसा. आता ते दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, सुरू, आणि सहाव्या दिवशी ट्रान्सफर. मी जवळजवळ पळतच बाहेर आले.

आकडा ऐकून नाना डोळे पुसत राहिले.

"मूल होईना म्हणून तुझ्या काकीला नऊ वर्षं औषधं दिली, उपास करायला लावले," ते म्हणाले. "डॉक्टर मला म्हणला होता, तुमीबी तपासून घ्या. मी नाय गेलो. लाज वाटली. समद्यांनी तिलाच बोल लावला, अन् मी गप बसलो."

मला त्यांचा संताप आला, आणि तितकीच कीवही.

"नाना, हे काकींना कधी सांगितलंत का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी काकींना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या हातात दिला.

"पोरीचं चांगलं आलंय," ते म्हणाले. "अन् ऐक. तवा तपासायला मी जायला पाहिजे होतं. तुला लय सोसायला लागलं. चुकलं माझं."

पलीकडून मग काकी म्हणाल्या, "एवढी वर्षं वाट बघितली, हो, या शब्दाची."

आणि पुढे, "सावकाश आणा पोरीला."