मावशींची बाटली

एका जंगलात, बाळांनो, एका मांजरीला साखर झाली. डब्यातली नव्हे, रक्तातली. डब्यातली असती तर मुंग्यांनी काय ते बघून घेतलं असतं.

मांजरीचं नाव ठकूमावशी. ती वाघाची मावशी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वाघ त्या जंगलाचा राजा. राजाची मावशी म्हटल्यावर ती सगळ्या जंगलाचीच मावशी झाली. जो तो येता-जाता तिच्या पुढ्यात साय ठेवी, खवा ठेवी, बासुंदीची वाटी सरकवी. "घ्या हो मावशी, एवढ्याने काही होत नाही," असंही म्हणे. मावशीही तसंच म्हणे. म्हणता म्हणता व्हायचं ते झालं.

मावशी घटाघटा पाणी पिऊ लागली. खाऊन खाऊन वाळू लागली. जेवून उठली की तिला पुन्हा भूक लागे, आणि मग समोर दिसेल त्याला ती खाई. समोर बहुतेक उंदीर दिसत. मावशीच्या ओसरीखालीच त्यांची वस्ती होती, त्याला ते तरी काय करणार!

शेवटी टिटवे डॉक्टर आले. पक्षी हुशार, पण प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची खोड. त्यांनी मावशीला तपासलं आणि बगळ्याकरवी शहरातून एक चिमुकली बाटली मागवली.

"हे इन्सुलिन. सकाळ-संध्याकाळ मी टोचीन, त्याबरोबर मावशींनी वेळेवर जेवायचं. बाटली तेवढी सांभाळा. उन्हात ठेवू नका, उन्हात ठेवू नका. गारव्यात ठेवा, पण गोठवू नका. खळाखळा हलवू नका, तळहातांत हळूच फिरवा. बिघडली तर वरून कळेलच असं नाही. मावशींच्या भुकेवरून कळेल."

हे सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे सगळे तिथे हजर होते.

"माझ्या मावशीची बाटली कोण सांभाळेल?" वाघाने विचारलं.

"महाराज, मी!" प्रधान कोल्हा पुढे झाला. "मावशींवर माझं जेवढं प्रेम आहे, तेवढं माझ्या आईवरही नाही."

कोल्ह्याची आई मागच्या रांगेत बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.

मावशीचं औषध अंधारात ठेवणं कोल्ह्याला अपमानाचं वाटलं. त्याने खडकावर चौथरा बांधला. मखमल अंथरली. बाटली मधोमध ठेवली, समोर समई लावली. वरून ऊन होतंच. दर्शनाला रांग लागली. मग भाषणं झाली. "या बाटलीत आपल्या जंगलाचा प्राण आहे!" असं म्हणत माकडाने बाटली इतकी हलवली, की प्राण असलाच तर तो तिथेच गेला.

इंजेक्शनं झाली, पण मावशीची भूक काही आटोक्यात येईना. त्या आठवड्यात उंदीरवस्तीत घरोघरी सुतक होतं.

"आपली भक्ती कमी पडली," कोल्हा दरबारात म्हणाला. "पुढच्या बाटलीपुढे दोन समया लावू."

राजाने पुढची बाटली अस्वलाकडे दिली. अस्वल मनाचं फार हळवं. त्याने बाटली छातीशी धरली, आपल्या दाट केसांत लपवली आणि मावशीच्या आठवणीने उसासे टाकत बसलं. आत इतकं ऊबदार होतं, की तिथे अंडी उबली असती. तीही बाटली वाया गेली. उंदीरवस्तीतले आणखी काही जण दिसेनासे झाले.

"माझ्या प्रेमात काय कमी होतं?" अस्वल हमसून हमसून रडलं.

काहीच कमी नव्हतं, बाळांनो. तीच तर अडचण होती.

डॉक्टरांनी तिसरी बाटली आणली. "बगळ्याचा पंख दुखावलाय," ते म्हणाले. "आता लवकर दुसरी मिळणार नाही, मिळणार नाही."

तेव्हा दरबाराच्या दारातून एक बारीक आवाज आला. "महाराज, बाटली आमच्याकडे द्या."

ती होती चिंधाबाई उंदरीण. तिचा नवरा अस्वलाच्या कारकिर्दीत गेला होता. बिळात डोळेही न उघडलेली पिल्लं होती, आणि मावशीचा पंजा आता त्या बिळापर्यंत पोचू लागला होता.

दरबार खदखदून हसला.

"तुझा मावशींशी संबंध काय?" कोल्ह्याने विचारलं.

"रोजचा आहे, साहेब."

"तुझं त्यांच्यावर प्रेम आहे का?" वाघाने विचारलं.

"नाही, महाराज. अजिबात नाही."

वाघाने कान टवकारले.

"मग काय आहे?"

"भीती आहे. चांगली पोटात गोळा येईल इतकी आहे."

वाघाने तिच्याकडे नीट पाहिलं. हे त्याला समजण्यासारखं होतं. आणि टिटवे डॉक्टर ओरडले, "द्या, द्या, देऊन टाका!"

चिंधाबाईने बिळात खोलवर, पाण्याच्या माठाशेजारच्या ओलसर वाळूत एक डबी पुरली आणि बाटली त्या डबीत ठेवली. ऊन नाही, दर्शन नाही, भाषण नाही. इंजेक्शनच्या वेळी दोन उंदीर समोरासमोर बसत आणि शेवई वळावी तशा हलक्या हाताने बाटली फिरवत. डॉक्टरांनी टोचलं, की सगळी वस्ती मावशीच्या ताटाभोवती हात जोडून उभी राही.

"मावशी, पोटभर जेवा हं. ताटात टाकू नका."

"अगं, झालं माझं."

"नक्की झालं ना? आमच्या गळ्याशपथ?"

इतक्या कळकळीने मावशीला कोणी कधी वाढलं नव्हतं.

एकदा चिंधाबाईचा दीर तिच्या कानाशी लागला. "वहिनी, डॉक्टरांची नजर चुकवून सुईत दुप्पट औषध भरू. कायमची कटकट मिटेल."

"आणि मग?" चिंधाबाई म्हणाली. "महाराज दुसरी मावशी आणतील. तिची भूक केवढी, तुम्हाला ठाऊक आहे? हिची भूक निदान मोजूनमापून झालेली आहे. गुपचूप बाटली फिरवा."

मावशी सुधारली. अंगावर तकाकी आली, भूक ताळ्यावर आली. एके दिवशी तिने चिंधाबाईला बोलावलं.

"चिंधे, सख्ख्यांनी केलं नाही ते तू केलंस. आजपासून तू माझी लेक. उंदीर खाणं मी सोडलं. आता मला कोणी भ्यायचं नाही."

उंदीरवस्तीत आनंदीआनंद झाला. पिल्लांचे डोळे आता उघडले होते. ती मावशीच्या शेपटीवर घसरगुंडी खेळू लागली. कालपर्यंत जी 'ती बाटली' होती, ती आता 'आपल्या मावशींची बाटली' झाली. मावशींनी उंदीर सोडल्याचा सोहळा ठरला. चिंधाबाईलाही वाटलं, एवढी लाडकी बाटली, वाळूत किती दिवस पडून राहणार? चौघांना दिसू दे तरी! तिने ती ओसरीच्या कठड्यावर ठेवली. झेंडूची माळ घातली. दिराने भाषण सुरू केलं. ऊन सरकत सरकत कठड्यावर आलं.

इंजेक्शनची वेळ झाली. चिंधाबाईने बाटली उचलली. बाटली कोमट लागत होती.

दुसरी बाटली नव्हती. डॉक्टरांनी त्यातलंच औषध टोचलं. मावशी जेवली, ताट चाटूनपुसून साफ केलं, आणि इकडेतिकडे बघू लागली.

चिंधाबाईचं धाकटं पिल्लू नेमकं मावशीच्या पंजावर बसलं होतं.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. जिभल्या चाटल्या. भाषण बंद पडलं. मावशीने तोंड उघडलं, चांगलं मोठं उघडलं, चिंधाबाईने डोळे मिटून घेतले...

आणि मावशीने जांभई दिली. मग तिथेच मुटकुळं करून ती झोपी गेली.

बाटली वाचली होती. पिल्लूही वाचलं होतं.

मावशी जागी झाली तेव्हा चिंधाबाई समोर हात जोडून उभी होती.

"मावशी, लेकीचं एक मागणं आहे. रोज सकाळी बिळाशी येऊन थोडं गुरगुरत जा."

"अगं, पण मी तुम्हाला खाणार नाही!"

"ते आम्हाला सांगू नका ना. तेवढ्यानेच तर घात होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बिळाच्या तोंडाशी आली आणि दात विचकून अशी गुरगुरली, की आत धावपळ उडाली. बाटली ओल्या वाळूत आणखी वीतभर खाली गेली. मावशीचे डोळे भरून आले होते, पण ते तिने उंदरांना दिसू दिलं नाही.

तात्पर्य: ज्यांचा आपल्यावर फार जीव आहे, त्यांना सणावाराला जेवायला बोलवावे. औषध मात्र ज्यांना आपल्या भुकेची धास्ती आहे, त्यांच्याकडे ठेवावे. आणि ती धास्ती कमी होऊ लागली, तर प्रेमापोटी का होईना, अधूनमधून दात दाखवावेत.