योगराजभाऊंचे सार्वजनिक वजन

माणसाचे आयुष्य खासगी असते, वजन मात्र सार्वजनिक. म्हणूनच फैजपूरचे केळीचे व्यापारी योगराजभाऊ एकशे चाळीस किलोंचे होते, तेव्हा त्याची काळजी सगळ्या गावाने वाहिली. (गुडघ्यांनी वजन वाहिले, ते निराळे.)

शेवटी जळगावात वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी पोटाचा बराच भाग काढून उरलेले केळ्याएवढे ठेवले. केळीच्या व्यापाऱ्याला याहून योग्य माप सापडले नसते. आहारतज्ज्ञ शीतल म्हणाली, "काका, आता थोडंच खाल, म्हणून डाळ, अंडी, पनीर आधी. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. आणि रक्ततपासणी चुकवायची नाही."

भाऊ निम्मे झाले आणि गावाने त्यांचा ताबा घेतला. शेजारच्या तोतारामआबांना गोळ्यांची डबी दिसली. आबा पंचक्रोशीतले जाणकार. विषय कोणता, याची अडचण त्यांना कधी आली नाही.

"बारीक झाला नं भो, मंग गोया कायले खातो?"

या तर्कापुढे वैद्यकशास्त्र निरुत्तर झाले. गोळ्या थांबल्या. तपासणीही थांबली. (धडधाकट माणसाने रक्त काढून घेणे बरे दिसत नाही.) केस गळू लागले, तर कपाळ भव्य झाले असे ठरले. भाऊंच्या पत्नी मंदाबाई म्हणाल्या, "पायाले चटका बसला, तरी तुमाले समजलं नाही."

"सहनशक्ती वाढली," भाऊ म्हणाले.

मग गावातल्या मंडळाने 'आदर्श आरोग्य' म्हणून सत्कार ठेवला. व्यासपीठ चढताना पायरी पायाला कळलीच नाही. भाऊ कोसळले. (टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या, त्या आवरायला वेळ गेला.)

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितले, "बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व जवळपास संपलंय. नसा दुखावल्यात. काही भरून येईल, काही नाही." भाऊ रडले. मंदाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. तोही त्यांना नीट कळला नाही.

आता मंदाबाई गोळी आबांच्या देखत देतात आणि गिळेपर्यंत उभ्या राहतात. भाऊ काठी टेकत चालतात, डाळ-अंडी वेळेवर खातात. अंगावर चार किलो आले, तेव्हा गाव हळहळले: "सुटले पुन्हा."

तुम्हाला हे गाव अडाणी वाटले असेल. वाटू द्या. मागच्या लग्नात तुम्ही कुणाला तरी म्हणालात, "वा, किती बारीक झालात," आणि उत्तर यायच्या आत जेवायला वळलात. ते काहीतरी सांगत होते.