हिंदुरावांचा अळणी आठवडा

नुसता चेहरा बघून माणसाचा रक्तदाब सांगावा तर मीच! पंचावन्न सालची गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात मी टाइमकीपर. गेटवर रोज इतके चेहरे बघायचो की डॉक्टरचा रबरी फुगा मला पोरखेळ वाटायचा.

चाळीतले शेजारी हिंदुराव, मूळचे कोल्हापूरकडचे, आमच्याच कारखान्यात हंगामी कामगार, एका संध्याकाळी आले. "भाऊसाहेब, सोमवारी डॉक्टर तपासणार. पास झालो तर कायम, न्हाईतर गावाची वाट!"

मी त्यांच्या तापल्या तव्यासारख्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. "दाब आहे! आजपासून मीठ बंद!"

"पर मला काय बी होत न्हाई!"

"दाब असणाऱ्याला काही होतच नाही, तीच तर गंमत!"

त्यांच्या घरच्या शालनवहिनींनी मिठाची बरणी माळ्यावर टाकली. बेत चोख! पण त्यांनी पलीकडच्या खोलीतल्या कौशल्याबाईंना आमटी चाखायला दिली आणि चाळभर कुजबुज झाली, की बिचारीच्या घरात मिठाचे वांधे झालेत. असं तोंडावर विचारायचं नसतं. गुपचूप वाटी पाठवायची!

कौशल्याबाईंकडून सुक्या बोंबलांची चटणी आली, मुमताजभाभींकडून लिंबाचं लोणचं, सुमनताईंकडून पापड. आलेली वाटी नाकारली तर भांडण. रिकामी परत करणं त्याहून वाईट! वहिनींनी वाट्यांत आपली अळणी भाजी भरून धाडली. झालं! चाळीची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी वाट्यांच्या जागी वाडगे आले!

"अन्न टाकू न्हाई," म्हणत हिंदुरावांनी सगळं संपवलं. रविवारी माणूस तहानेनं नळापासून हलेना.

सोमवारी डॉक्टरांनी फुगा दाबला. "एकशे ऐंशी!"

हिंदुराव बाही खाली ओढू लागले. "गेली नोकरी!"

"कोण म्हणतं? सकाळपासून दर चौथ्या माणसाचा दाब चढलेला निघतोय! सगळ्यांना घरी धाडलं तर यंत्रं काय मी चालवू? मीठ कमी करा, तंबाखू सोडा, महिन्यानं दाखवा. जा, कायम!"

"मीठ तर आठवडाभर बंदच हाय जी! निस्ते बोंबील, लोणचं, पापड..."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हा इलाज कुणाचा?"

हिंदुरावांनी बोट दाखवलं आणि अख्खी रांग, हजेरी घेत उभ्या असलेल्या माझ्याकडे वळली.

"बसा. बाही वर करा."

"अहो, मी शांत माणूस! तंबाखू नाही, पोट नाही..."

डॉक्टरांनी पारा पाहिला, नळी झटकली, पुन्हा पाहिला. हिंदुरावांपेक्षा दहा जास्त!

"पण कारण काय?" मी ओरडलो.

"कुणाचं मीठ, कुणाचं वजन, कुणाचं वय, कुणाचं घराणं. तुमचं मात्र काळजी दिसतंय. दुसऱ्यांच्या प्रकृतीची!"

तेव्हापासून चाळीत कुणी नुसतं शिंकलं तरी हिंदुराव मला दटावू लागले, "भाऊसाहेब, गप ऱ्हावा! चढंल!"

ऐकायचो बापडा. कायम झालेल्या माणसापुढं कोण बोलणार?