कोपरा खाल्लेलं कार्ड

"शेळीनं फक्त कोपराच खाल्ला," चहाची बशी तोंडाला लावत पितांबर म्हणाला. "मजकुराला काडीचा धक्का नाही, बाई. पत्ताही शाबूत. मी काल दुपारीच टाकलं पेटीत."

प्रमिलाबाईंच्या हातातली गाळणी होती तिथंच थांबली. चहा कपाबाहेर सांडायला लागला तरी त्यांना कळलं नाही.

"कोणता कोपरा?"

"वरचा. उजवा. मी शेळीला पाणी ठेवायला वाकलो, कार्ड खिशात होतं, तिनं मान वर केली नि..." बोलता बोलता पितांबरची बशी खाली आली. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "अरे बापरे!"

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताचं कार्ड, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. असं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात. हे सगळं पितांबरला लहानपणापासून माहीत होतं. काल दुपारी तेवढं आठवलं नव्हतं, इतकंच.

'विसावा' हे घर जळगावच्या वेशीजवळ कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात चालत असे. ज्यांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, त्यांनी शेवटचे दिवस सुखानं काढावेत म्हणून गावातल्या माणसांनीच ते उभं केलं होतं. खाटा आठ. पगारी माणूस एकही नाही. एसटी डेपोत बुकिंग क्लार्क असलेला पितांबर दुपारपाळीच्या आधी येऊन पाणी भरी, टपाल टाकी. रिक्षावाल्या शकीलनं रुग्णांच्या चहासाठी आपली दुभती शेळी आणून बांधली होती. आणि निवृत्त मुख्याध्यापिका प्रमिलाबाई रोज सकाळी रुग्णांची पत्रं लिहीत. त्यांचं अक्षर असं, की पोस्टमनसुद्धा दोनदा वाचायचा.

कालचं कार्ड तीन नंबरच्या खाटेवरच्या हिलाल नानांचं होतं. त्यांचा धाकटा भाऊ अभिमन यावलजवळच्या खेड्यात राहत असे. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत चौदा वर्षांपूर्वी वाजलं होतं. "आता तुह्या मयतालेच येईन!" असं बांधावरून ओरडून अभिमन गेला, तो गेलाच. नानांकडे आता डॉक्टरांच्या हिशेबानं पंधरा दिवस उरले होते आणि त्यांना दुसरं काही नको होतं. भाऊ एकदा डोळ्यांनी दिसावा, बस्स. प्रमिलाबाईंनी आधी तीन कार्डं लिहिली होती. एकालाही उत्तर नव्हतं. हे चौथं.

"फोन कर!" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"गावात एकच फोन, सोसायटीत. तो पोळ्यापासून बंद आहे. पण बाई, टपालाची थैली साडेआठच्या यावल गाडीत जाते. आणि ती गाडी नवाच्या आत स्टँड सोडत नाही. मी अकरा वर्षं डेपोत आहे. आमच्या गाड्या मला माहीत आहेत."

शकीलच्या रिक्षातून दोघं स्टँडवर पोचले तेव्हा नवाला दहा कमी होते. यावल गाडी बरोब्बर साडेआठला सुटली होती. मुंबईहून साहेब तपासणीला आले होते म्हणून अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"मरायला आजच वेळेवर सुटली?" पितांबर कळवळला.

"शकील," प्रमिलाबाई म्हणाल्या, "यावलला चल."

"बाई, परमिट शहराचं आहे."

"माणूस जिवंत आहे रे, आणि त्याच्या भावाला तो मेल्याचं कार्ड चाललंय! उद्या त्याला कळलं की ही थट्टा होती, तर तो नानांच्या खऱ्या मयतालाही यायचा नाही."

शकीलनं एकदा आभाळाकडे पाहिलं. "अल्ला मालिक," म्हणाला आणि किक मारली.

तापीचा पूल ओलांडेपर्यंत ठीक चाललं होतं. पुढे केळीच्या ट्रकांची रांग लागली. एक ट्रॅक्टर रस्त्यातच कलंडला होता आणि घडांचा ढीग उचलायला चार माणसं सावकाश हात लावत होती. प्रमिलाबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि शाळेत प्रार्थनेला लावत त्या आवाजात ओरडल्या, "रांगेत उभे राहा! हातोहात द्या!" माणसं दचकून रांगेत उभी राहिली. रस्ता वीस मिनिटांत मोकळा झाला. पण वीस मिनिटं गेलीच.

यावलच्या पोस्टात कळलं, पोस्टमन आत्ताच सायकलवर निघाला. गावाच्या वाटेवर तो त्यांना लांबून दिसलाही. शकीलनं भोंगा दाबून धरला. पोस्टमनला वाटलं, वाट मागताहेत. तो भला माणूस सायकल घेऊन बाजूच्या पायवाटेला लागला आणि आडवाटेनं त्यांच्या आधी गावात पोचला.

रिक्षा अभिमनच्या दारात थांबली तेव्हा पोस्टमन टोपी काढून उभा होता. साठीचा, रुंद खांद्यांचा अभिमन पायरीखाली मातीत बसला होता. त्याच्यासमोर कार्डाचे चार तुकडे पडले होते. कोपरा आणि पाठवणाऱ्याच्या जागी 'विसावा' एवढं दिसल्यावर पुढचं अक्षरही त्यानं वाचलं नव्हतं.

"चौदा वर्सं..." तो गुडघ्यावर हात आपटत होता. "चौदा वर्सं मी त्याले तोंड नाई दाखोलं! आता कोनाशी भांडू रे मी?"

त्याची बायको धुरपदाबाई दाराला धरून रडत होती. गल्ली जमायला लागली होती. तेवढ्यात रिक्षातून पांढऱ्या लुगड्यातल्या, गंभीर चेहऱ्याच्या बाई उतरल्या आणि ज्याच्या मनात थोडी शंका होती तीही फिटली.

"तुम्ही विसाव्याच्या बाई ना?" धुरपदाबाई म्हणाली. "नाना तिथं हायेत हे कानावर आलं व्हतं. सोता आल्या सांगाले!"

"अहो ऐका," प्रमिलाबाई पुढे झाल्या. "अभिमनआबा, नाना अजून..."

"अजून ठेवला हाये ना त्याले?" अभिमननं त्यांचे हातच धरले. "उचलला नाई ना?"

"नाही. उचलला नाही, पण..."

"माह्यी वाट पाहून राह्यले?"

"तुमचीच वाट पाहताहेत. म्हणजे नाना स्वतः..."

"आयकलं का!" अभिमन गल्लीकडे वळून ओरडला. "जीव गेला तरी वाट पाहून राह्यला माह्यी! ट्रॅक्टर काढा रे!"

प्रमिलाबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आजही त्या शब्दन् शब्द खरं बोलत होत्या आणि दर खऱ्या शब्दागणिक प्रकरण आणखी खोल रुतत होतं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. पितांबरनं मागून त्यांचा पदर ओढला.

"बाई, इथं सांगाल तर हा भडकेल आणि पुन्हा पायरी चढून घरात बसेल. येऊ द्या ना त्याला. ट्रॅक्टरच्या पुढे राहू, फाटकाशी थांबवू, तिथं सांगू."

प्रमिलाबाईंनी अभिमनकडे पाहिलं. एवढा थोराड माणूस, पण उलटी चप्पल घालून ट्रॉलीकडे धावत होता. त्या वळून रिक्षात जाऊन बसल्या. मयताघरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणींनी जमतील तेवढ्या भाकरी फडक्यात बांधून ट्रॉलीत टाकल्या. दहा मिनिटांत तीसेक माणसं घेऊन ट्रॅक्टर निघाला.

रिक्षा पुढे होती. पुलाअलीकडे क्लचची तार तुटेपर्यंत पुढे होती.

शकील रस्त्यावर पालथा पडून तारेशी झटत असताना ट्रॅक्टर शेजारून गेला. ट्रॉलीतल्या बायांनी प्रमिलाबाईंना पाहून पुन्हा गळा काढला.

"थांबा! अहो थांबा!" प्रमिलाबाई हात हलवत मागे धावल्या. "नाना गेले नाहीत!"

ट्रॅक्टरच्या फटफट आवाजात आणि रडारडीत कुणाला काय ऐकू जाणार? वरून एका म्हातारीनं हात जोडले. प्रमिलाबाई धापा टाकत दगडावर बसल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, नानांना धक्का बसेल असं काही करू नका. दार जोरात लोटलं तरी त्यांची छाती धडधडते. आणि आता तीस माणसं त्यांच्याच नावानं छाती बडवत त्यांच्या खाटेपुढे उभी राहणार होती.

"पितांबर," त्या म्हणाल्या, "त्यांना काही झालं तर ते माझ्या अक्षरानं गेले असं होईल."

"अक्षरानं नाही, बाई. माझ्या खिशानं," पितांबर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

एका केळीवाल्या ट्रकवाल्यानं तार दिली. विसाव्याच्या फाटकाशी रिक्षा पोचली तेव्हा ट्रॅक्टर येऊन अर्धा तास झाला होता. अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती. रडण्याचा आवाज नव्हता. बारीकसा हुंदकाही नाही. रडणं संपलं म्हणजे सगळंच संपलं, असं वाटून प्रमिलाबाईंनी फाटकाचा गज धरला.

आतून आवाज आला, "त्या भाकरी उघडा रे! माह्या मयताच्या भाकरी मले खाऊ द्या का नाई?"

तो हिलाल नानांचा आवाज होता.

झालं ते असं. रडारड ऐकून नानांनी शेजारच्या खाटेवरच्या भिकुबाईंना विचारलं, "कोन गेलं वं अक्का?" धुळ्याकडच्या भिकुबाईंनी उठून खाटा मोजल्या आणि कुणीच गेलं नसल्याचं सांगितलं, "बठ्ठा शेतस. आठना आठ." तेवढ्यात अभिमन आत शिरला, तिसऱ्या खाटेपाशी आला आणि पांढऱ्या चादरीखालचा माणूस आपल्याकडे बघतोय हे पाहून मटकन खाली बसला. नानांनी त्याला डोळे भरून पाहिलं. मग म्हणाले, "तू शब्दाचा पक्का, भाऊ. मयताले येईन म्हनला व्हता, आला. माह्याच बाजूनं उशीर व्हऊन राह्यला."

यावर अभिमन आधी हसला की आधी रडला, याबद्दल भिकुबाईंचं आणि पाच नंबरच्या खाटेचं अजून एकमत नाही.

प्रमिलाबाई आत आल्या तेव्हा अभिमन भावाच्या पायाशी बसून त्याला भाकरीचा तुकडा मऊ करून भरवत होता. त्यानं मान वर केली.

"कारड कोनं लिहिलं व्हतं?"

"मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. आता येईल तो घाव सोसायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. "कोपरा आमच्या शेळीनं खाल्ला. चूक आमची आहे. हात जोडते, आबा."

"आन् आधीची तीन?"

"तीही मीच."

अभिमननं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "ते तिन्ही मी चुलीत घातले," तो म्हणाला. "शप्पथ सांगतो, एकबी नाई वाचलं. हे बी कोपऱ्यासकट आलं असतं तं चुलीतच जातं."

प्रमिलाबाईंना हे जरा लागलं. तीन कार्डं, ताणून बसवलेल्या ओळी, एकही खाडाखोड नाही. सगळं चुलीत. आणि जे जमलं ते एका शेळीच्या दातांना.

"काय लिहिलं व्हतं त्याच्यात?" अभिमननं विचारलं.

"पाण्याची पाळी तुह्यी," नानाच म्हणाले. "फक्त एकडाव ये."

"पाळी तुह्यी," अभिमन म्हणाला. "तू मोठा हायेस." आणि दोघं पाळी कुणाची यावर पुन्हा भांडायला लागले. धुरपदाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "खोटं मरन आलं का आयुष्य वाढतं म्हने." ते खरं असावं. डॉक्टरांचे पंधरा दिवस नानांनी तीन महिन्यांवर नेले आणि दर आठवड्याला अभिमन यावल गाडीनं येत राहिला. गाडी मात्र पुन्हा कधी वेळेवर सुटली नाही.

पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी, भिकुबाईंनी प्रमिलाबाईंना खुणेनं जवळ बोलावलं.

"बाई, मना पोऱ्या सुरतले ऱ्हास. तीन वरीस झायात, उना नही. माले बी एक कारड लिखी द्या."

"देते की. मुलाला काय लिहू?"

"काहीबी लिखा." भिकुबाईंनी आवाज खाली आणला. "पन कोपरा..."

प्रमिलाबाईंनी कार्ड लिहिलं. अक्षर नेहमीसारखं. मग त्या अंगणात गेल्या आणि सहज धरल्यासारखं ते कार्ड शेळीपुढे धरलं. शेळीनं काल तीस माणसांच्या उरलेल्या भाकरी खाल्ल्या होत्या. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. प्रमिलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कोपरा दुमडला, नखानं घडी घातली आणि पट्टीनं आखल्यासारखा फाडला.

"पितांबर, हे टाक पेटीत. कुणी विचारलं तर शेळीनं खाल्लं म्हण."

पितांबरनं कार्ड उलटसुलट पाहिलं.

"बाई, शेळी इतकं सरळ खात नाही."

प्रमिलाबाईंनी कार्ड परत घेतलं. भिंतीकडे तोंड केलं, पदर आडवा धरला आणि कार्डाची कड दातांत धरली.