पाठवणीची चिंच

गेनूच्या घरात चिंच हा शब्द काढायचा नाही. रात्री सापाला लांबडं म्हणतात, तसं गेनू चिंचेला 'ती वाकडी' म्हणतो. त्याच्या आमटीत आमसूल पडतं. फाट्यावर भेळ खायला बसला तर भेळवाल्याला आधी दम भरतो, "त्या वाकडीचं पानी घातलंस तर गाडा पालथा करीन."

कारण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा येडा आहे. येडा तो आहेच, पण कारण खरं आहे. गेनू आमच्या बँडात ट्रंपेट वाजवायचा. असल्या फुंकायच्या वाद्यासमोर कुणी चिंच चोखली, की वाजवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, लाळ वाद्यात उतरते आणि सूर बुडतो. हे प्रत्येक वरातीतल्या टारगटाला ठाऊक असायचं.

मी त्याच बँडातला ढोलवाला. ढोलाला लाळ सुटत नाही आणि ढोलवाल्याचं नाव कुणाच्या ध्यानात राहत नाही. ध्यानात राहिला गेनू. उरवड्यापासून नांद्यापर्यंत लग्नाची तारीख धरताना माणसं आधी विचारायची, "गेनू मोकळा हाय का?" मग भटजीकडे जायची.

आम्हा दोघांची शाळा चौथीत सुटली. शाळेच्या ड्रम-बिगुल पथकात मास्तरांनी गेनूच्या तोंडाला बिगुल लावला, तो लागलाच. शाळा सुटली, बिगुल सुटला नाही. पुढं बँडात ट्रंपेट हातात आलं. त्याला कुणी पिपाणी म्हटलं की गेनू म्हणायचा, "पिपाणी जत्रंत मिळती. तुज्या पोराला घे." आणि वर त्याचं ठरलेलं वाक्य, "हवा आसून चालत न्हाई, फुंक लागती." हे वाक्य तो पुढाऱ्याला लावतो, जावयाला लावतो, पंक्चर काढणाऱ्यालाही लावतो.

समोरचे दोन दात त्याने जन्मभर जपले, कारण त्यांच्या आधारावर ओठ टिकतो. पेरू चावून खाल्ला नाही, ऊस तर कापूनसुद्धा नाही. एकदा बांधावरून चुलत्याशी मारामारी झाली, तेव्हा तोंडाला टॉवेल गुंडाळून गेला आणि ओरडला, "पाठीत घाल, तोंडावर न्हाई." पुढं सगळ्यांनी जमिनी विकल्या. गेनूनेही विकली. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. माझी बागाईत तोंडात हाय."

बँड मेला तेव्हा कुणी सुतक पाळलं नाही. डीजे आला. डीजेसमोर चिंचेचं पोतं ओतलं तरी त्याला काही होत नाही, हाच त्याचा गुण. माझा ढोल माळ्यावर गेला, त्यात उंदरांनी संसार मांडला. गेनूने ट्रंपेट मात्र खाली ठेवलं नाही. उरवड्यातल्या एका कंपनीचा भोंगा त्याच्या मते बेसूर आहे. भोंगा झाला की गेनू दारात येतो आणि तोच सूर नीट वाजवून दाखवतो. कंपनीने अजून सुधारणा केलेली नाही.

पण गेनूचं खरं नाव झालं ते पाठवणीवर. नवरी गाडीत बसायला निघाली की आम्ही सगळे थांबायचो. फक्त गेनूचं ट्रंपेट, आणि खाली माझा ढोल, तोही बोटांनी. नवरीची आई रडायचीच, तिचं काय. गेनू नवऱ्या मुलाच्या बापाला रडवायचा.

मग त्याच्या स्वतःच्या लेकीचं, शोभाचं लग्न आलं. शोभा लहान असतानाच तिची आई गेली. पोरगी बापाबरोबर बँडामागं फिरत वाढली. थंडीत ट्रंपेटचं ओठाला लागणारं टोक बर्फासारखं होतं, ते ती आपल्या मुठीत धरून ऊबवायची आणि बापाच्या हातात द्यायची. लग्न मार्गशीर्षात झालं. पाठवणीच्या वेळी, नऊवारीत, मुंडावळ्या बांधलेल्या, तशीच ती बँडापाशी आली. ते टोक काढून घेतलं, मुठीत धरलं, परत दिलं आणि गाडीकडे गेली.

गेनूने ट्रंपेट उचललं. पहिल्याच ओळीत सूर फुटला. दुसऱ्यांदा उचललं, नुसती हवा गेली. सगळा मांडव बघत राहिला. तेव्हा गेनू नांद्याच्या वऱ्हाडाकडे बोट करून ओरडला, "ह्यांच्यातल्या कुनीतरी चिंच खाल्ली. माझ्या लेकीच्या पाठवणीत." व्याह्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. व्याहीही ताठ्याचा, तो म्हणाला, "तुज्या दारात पानी पिनार न्हाई." दोघांनी शब्द पाळला. शोभा दिवाळीला यायची ती एकटी, आणि दिवस मावळायच्या आत परत. गेनूने नांद्यात पाऊल टाकलं नाही. एवढी वर्षं चिंचेवरून.

मी ढोल घेऊन त्याच्या शेजारीच उभा होतो. समोरच्या माणसांची तोंडं मला दिसत होती. कुणी काही खाल्लं नव्हतं. हे गेनूला माहीत होतं. मला माहीत आहे, हेही त्याला माहीत होतं. आम्ही यावर कधी बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात शोभाची लेक श्रुती स्कूटरवरून आली. हिंजवडीत नोकरी करते. दारातच म्हणाली, "आजोबा, माझ्या पाठवणीला तुम्ही वाजवायचं. डीजे बंद ठेवायला लावते."

"तुज्या बापाचा बाप हाय की तितं."

"ते म्हणाले, वाजवू दे. येऊन कुणी चिंच खाल्ली म्हणून आळ घेतला नाही म्हणजे झालं."

गेनूने ट्रंपेट काढून पुसायला घेतलं. मग म्हणाला, "वाजवीन. पर सोपान्या ढोलावर पायजे." सोपान्या म्हणजे मी. म्हणजे उंदरांचा संसार मोडायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी गेनू माझ्याकडे आला. आडून आडून बोलला, मग हळूच म्हणाला, "उद्या यिताना ती वाकडी आन."

मला वाटलं, गेलं डोकं.

"खिशात ठिव. माझा सूर फुटला की तोंडात टाक. उघड टाक. लोकांस्नी दिसली पायजे."

"आन न्हाई फुटला तर?"

"तर घरी नेऊन आमटीत घाल."

नांद्याजवळच्या एका लॉन्सवर लग्न होतं. आजूबाजूला टॉवर, पूर्वी तिथं भात होता. पाठवणीला डीजे बंद झाला. श्रुती गाडीकडे निघाली. मी ढोलावर बोटांनी ठेका धरला. इतक्यात शोभा आमच्याकडे आली. पन्नाशीची बाई, काठापदराची साडी. तिने बापाच्या हातातलं ट्रंपेट घेतलं, ते टोक काढलं आणि मुठीत धरलं. वैशाखाचं ऊन होतं, पितळ चटके देत होतं. ऊबवायचं काय होतं त्यात? थोडा वेळ धरलं, परत बसवून दिलं आणि लेकीमागं गेली.

गेनूने ट्रंपेट उचललं. पहिली ओळ अशी वाजली की जेवणारे हात थांबले. दुसरीला ओठ हलला, आणि सूर फुटला.

मी चिंच तोंडात टाकली.

"ह्यो बघा," गेनू माझ्याकडे बोट करून ओरडला. "माझ्या नातीच्या पाठवणीत. माझाच ढोलवाला. सोपान्या, तुजं वाटोळं हुईल."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. कोण म्हणालं, वयाची तरी लाज धरा. कोण म्हणालं, म्हातारपणी चळ लागलाय. गेनूचा व्याही काठी टेकत उठला. त्याने गेनूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पाव्हणं, ऱ्हाऊ द्या. आसली मान्सं आसत्यात जगात. चला, च्या घ्या." दोघं मला शिव्या देत देत, एकमेकांना धरून चहाकडे गेले.

मी आयुष्यात कुणाचा एक शब्द ऐकून घेतलेला नाही. सख्ख्या भावाचा नाही, सरपंचाचा नाही. त्या दिवशी ढोल पोटाला बांधून उभा राहिलो आणि सगळ्यांचं ऐकलं. बोललो असतो, पण तोंड भरलेलं होतं.

आता गेनू नांद्याला जातो, राहतो, शोभाच्या हातचं जेवतो. व्याही इकडे येतो आणि पाणी पितो. मला कुणी बोलावत नाही. गेनूही चारचौघांत माझ्याशी बोलत नाही. हे लिहिलं तरी फिकीर नाही, वाचायला त्याला चष्मा लागतो आणि तो घालत नाही.

परवा फाट्यावर चहा पीत होतो. समोरच्या बाकावर गेनू होता. एकाने मुद्दाम विचारलं, "सोपाननाना, खरंच खाल्ली व्हय हो तुमी चिंच?"

"खाल्ली," मी म्हणालो. "मला आवडती."

"बगा, लाज हाय का ह्याला," गेनू रस्त्याकडे बघत म्हणाला, आणि त्याचा आवाज मधेच फुटला. माणसं त्याच्याकडे वळून बघायला लागली. माझ्या खिशात चिंच नव्हती. मी जोरजोरात खोकायला लागलो.